घाटातल्या महामार्गांचं जाळं कसं आखावं? सोलापुरातल्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात स्थापत्य अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला ‘डोंगराळ भागातील महामार्गांच्या जाळ्याचे नियोजन’ हा प्रकल्पाचा विषय मिळाला आहे. त्यांनी उपग्रहावरून केलेला उंचीचा नकाशा उतरवून घेतला, कमीत कमी खर्चाचा मार्ग शोधणारा प्रोग्रॅम चालवला आणि उत्तर मार्गदर्शकांना दाखवलं. मार्गदर्शक म्हणाले, ‘‘ही एक रेघ झाली, जाळं कुठं आहे?’’ आता ते विचारतात: पद्धत कोणती घेऊ, उद्दिष्ट काय धरू, आणि सपाटीवरच्या सोलापुरात बसून घाटाचा अभ्यास करायचा तरी कसा?

तुमच्या मार्गदर्शकांचं बोट नेमकं दुखऱ्या जागी गेलं आहे. घाटरस्त्यांच्या आखणीत माझं आयुष्य गेलं, आणि या विषयावरचे बहुतेक प्रकल्प याच जागी अडलेले मी पाहिले आहेत. रस्ता कसा न्यायचा याचं गणित मांडलेलं असतं. एक रस्ता बंद पडला तर गाड्या कुठून जातील, हे कुणी विचारलेलंच नसतं. डोंगरात हा दुसरा प्रश्न आधी सोडवायचा. पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातूनच निघतं.

आधी सपाटी आणि डोंगर यांतला फरक जाळ्याच्या भाषेत समजून घ्या. नकाशावर सोलापूर पाहा. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, सगळ्या दिशांना रस्ते फुटलेत, आणि त्यांना आडवे जोडणारे जिल्हामार्ग आणि गावरस्ते आहेत. १९४३ च्या नागपूर योजनेनं चांदणीसारखे फुटणारे रस्ते आणि त्यांना जोडणाऱ्या चौकटी यांच्या धर्तीवर देशातल्या रस्त्यांचं जाळं कल्पिलं होतं, ते अशाच मुलखात शोभतं. एखादा रस्ता अडला तर दहा-वीस किलोमीटरचा वळसा घालून गाडी निघते. सह्याद्रीत हे चालत नाही. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाहतुकीच्या वाटा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. उत्तरेकडून बघत गेलं तर कसारा, माळशेज, बोरघाट, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली. त्यातल्याही सगळ्या अवजड गाड्यांच्या कामाच्या नाहीत. दोन घाटांच्या मध्ये आडवा रस्ता हवा असेल तर एक तर वर माथ्यावरून जायचं, नाही तर खाली तळकोकणातून. मध्ये कडा.

म्हणून तुमच्या गणितातला खरा निर्णय ‘कुठली खिंड’ हा आहे. खिंड ठरली की निम्मा रस्ता ठरला. आखणीच्या भाषेत हे सक्तीचे बिंदू: खिंड, नदी ओलांडायची जागा, वाटेतलं मोठं गाव. आधी या बिंदूंचं जाळं काढा आणि मगच त्यांच्यामधल्या रेघांकडे वळा. तुमच्या प्रोग्रॅमनं नेमका उलटा क्रम घेतला.

बोरघाटाचा इतिहास या दृष्टीनं वाचण्यासारखा आहे. १८३० मध्ये तिथून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये रेल्वे आली, ती १:३७ च्या चढावर, मध्ये इंजिन उलट्या बाजूला लावायचं रिव्हर्सिंग स्टेशन ठेवून. पुढं नवे बोगदे झाल्यावर ते स्टेशन संपलं; त्या बोगद्यांचं काम ज्या बांधकाम कंपनीनं केलं ती वालचंद हिराचंद यांची, आणि वालचंद हे १८८२ साली आपल्या सोलापुरातच जन्मले, हे इथल्या स्थापत्याच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. मग २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग पुरा झाला. त्यानंतर खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३.३ किलोमीटरचा नवा दुवा आखला गेला, त्यातला एक बोगदाच जवळजवळ ९ किलोमीटरचा. दोनशे वर्षांत प्रत्येक पिढीनं आपल्या काळाची उत्तम रेघ ओढली, आणि प्रत्येक रेघ त्याच खिंडीच्या आसपास ओढली. वाहतुकीची क्षमता वाढली, चढ सुसह्य झाला, वेळ वाचला. पण एक मोठी ढगफुटी त्या परिसरात झाली तर सगळ्या रेघा एकदम अडचणीत येतात. क्षमता वाढवणं वेगळं आणि पर्याय वाढवणं वेगळं. तुमच्या अहवालात या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे आकडे असले पाहिजेत.

आता रेघेकडे येऊ. देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसनुसार जमिनीचा आडवा उतार २५ ते ६० टक्के असेल तर तो डोंगराळ प्रदेश, त्याच्या वर तीव्र उताराचा. डोंगराळ प्रदेशात रस्त्याचा नेहमीचा चढ ५ टक्के, नाइलाजानं ६, अगदी अपवाद म्हणून ७. समजा घाटमाथा आणि तळ यांच्या उंचीत ६०० मीटरचा फरक आहे. पाच टक्क्यांनी उतरायचं तर किमान १२ किलोमीटर लांबी लागणार, मग नकाशावर ते अंतर चारच किलोमीटर का असेना. ही लांबी डोंगर तुमच्याकडून वसूल करतोच. शिवाय वळणांवर चढ कमी करावा लागतो. ६ टक्क्यांच्या चढावर ५० मीटर त्रिज्येचं वळण आलं तर तिथं साडेचार टक्क्यांवर यावं लागतं. हेअरपिन वळणावर, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो तिथं, तर अडीच टक्क्यांपेक्षा जास्त चढ चालत नाही. म्हणून घाट ट्रेसर हे चढ धरून दाखवणारं साधन घेऊन खुंट्या मारणारे जाणते सर्व्हेअर पहिली रेघ कधीच पुऱ्या पाच टक्क्यांनी ओढत नाहीत. १:२२ किंवा १:२३ धरतात आणि हातचं राखून ठेवतात. सुरुवातही खिंडीपासून खाली करतात, कारण खिंडीची जागा हलत नाही. खाली तळाला थोडं इकडं-तिकडं झालं तर चालतं.

तुमच्या प्रोग्रॅमचा घोळ इथंच आहे. तुमचा उंचीचा नकाशा ३० मीटरच्या चौकोनांचा आहे. हेअरपिनच्या आतल्या कडेची किमान त्रिज्या १४ मीटर, म्हणजे वळणाची आतली कड २८ मीटरमध्ये फिरते. ती तुमच्या एका चौकोनाच्या पोटात मावते! नकाशाला जे वळण दिसतच नाही ते प्रोग्रॅम कसं आखणार? दुसरं असं की ५ टक्क्यांच्या रस्त्यावर शेजारच्या चौकोनापर्यंत उंची दीड मीटरनं बदलते, आणि या प्रकारच्या नकाशात उंचीची चूकच काही मीटरची असते, झाडीच्या भागात त्याहून जास्त. तेव्हा एका चौकोनावरून दुसऱ्या चौकोनावर जाताना काढलेला चढ हा गोंगाट आहे, माहिती नाही. तुमच्या उत्तरात रस्ता दातेरी करवतीसारखा आला असेल तर त्याचं कारण हे.

यावर उपाय आहे. शेजारच्या आठ चौकोनांऐवजी दीडशे ते तीनशे मीटरच्या परिघातल्या चौकोनांशी जोड द्या. त्या जोडाचा सरासरी चढ मर्यादेत बसतो का ते पाहा, आणि मधली जमीन रेघेच्या वर किंवा खाली किती जाते त्यावरून खोदाई-भरावाचा अंदाज धरून खर्च लावा. मार्ग शोधताना आपण कुठं आहोत एवढं पुरत नाही, कुठल्या दिशेनं आलो हेही अवस्थेत धरा. नाही तर वळणाचा खर्च मोजताच येत नाही. सर्वांत स्वस्त मार्ग शोधणारं डायक्स्ट्राचं अल्गोरिदम १९५९ पासून आहे आणि अजून उत्तम चालतं, फक्त त्याला दिलेला आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे, शहाणपणानं बांधलेला हवा. आणि उत्तर म्हणून एक बारीक रेघ देऊ नका. ३० मीटरच्या नकाशावरून सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीचा पट्टा सांगता येतो, त्याहून जास्त नेमकेपणाचा दावा करू नये. पट्ट्याच्या आत रेघ ठरवणं हे लायडार (लेझर किरणांनी जमिनीची उंची मोजणाऱ्या) सर्वेक्षणाचं, आणि त्याच्याही नंतर पायी फिरण्याचं काम.

आता पाण्याविषयी, कारण घाटरस्ता मोडतो तो बहुतेक वेळा पाण्यानं. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर रचून झालेला. कठीण काळ्या कातळाचे थर आणि त्यांच्यामध्ये मधूनच लाल मातकट पट्टे. कोरड्यात हा लाल पट्टा कठीण वाटतो, खोदताना ठेकेदार खूश होतो. पावसाळ्यात पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून उतरतं, त्या पट्ट्यावर अडतं, पट्टा मऊ होतो आणि वरचा कातळ सुटतो. रस्त्याची कापणी जर या पट्ट्याच्या पायथ्याशी उघडली तर दर पावसाळ्यात दगड पडणारच. कोकणच्या बाजूला माथ्यावर जांभा असेल तर त्याच्याखालच्या चिकणमातीचंही हेच. म्हणून पट्टा निवडताना नुसता उतार बघू नका, थर बघा. आपल्याकडे पाणी कुठं मुरतंय हे शोधणं हा वाक्प्रचार आहे. घाटात ते अक्षरशः करायचं काम आहे.

एक छोटं गणित करून पाहा. कापणीच्या वर १० हेक्टर डोंगर आहे आणि तासाला १०० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस कोसळतोय. कातळी उतारावर त्यातलं ८० टक्के पाणी वाहून येतं असं धरा. सेकंदाला सव्वादोन घनमीटर पाणी रस्त्यावर येतं. एक साधी मोरी, अर्धी दगडांनी बुजलेली, हे पाणी घेईल का? नाही घेत. मग पाणी रस्ता ओलांडून खालच्या बाजूनं उतरतं, भरावाची कड खातं आणि एका सकाळी अर्धा रस्ता दरीत गेलेला असतो. वर्तमानपत्रात ‘रस्ता खचला’ असं येतं. खरं तर कापणीच्या वरचा पाणी वळवायचा चर साफ नव्हता, किंवा मुळात काढलाच नव्हता. प्रत्येक घाटदुव्याला ‘पाण्याचा भार’ असा एक गुण द्या: वरचं पाणलोट क्षेत्र, किती ओढे ओलांडतो, आणि एकाच उतारावर रस्त्याचे किती पदर आहेत. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. हेअरपिनवर हेअरपिन घेत एकाच अंगावरून रस्ता खाली आणला की कागदावर सुटसुटीत दिसतो, पण वरचा पदर सुटला की तो खालचे सगळे घेऊन जातो. वळणं वेगवेगळ्या सोंडांवर विखुरता आली तर लांबी थोडी वाढली तरी पत्करावी.

रुंदीबद्दलही असंच सांगतो. ३० अंशांच्या उतारावर रस्ता पूर्णपणे कापणीत बसवला आणि कापणीचा कडा चारास एक (चार उभे, एक आडवा) ठेवला, तर ८ मीटर रुंदीसाठी सुमारे साडेपाच मीटर उंच कापणी लागते आणि मीटरमागे साधारण साडेएकवीस घनमीटर खोदाई. तीच रुंदी १२ मीटर केली की कापणी ८ मीटरवर जाते आणि खोदाई साडेअठ्ठेचाळीस घनमीटरवर. रुंदी दीडपट, खोदाई सव्वादोनपट. फोडलेला कातळ फुगून आणखी दीडपट होतो, आणि तो टाकायचा कुठं याचं उत्तर नसेल तर तो खालच्या ओढ्यात जातो. चारधाम रस्त्यांच्या वेळी साडेपाच मीटर की दहा मीटर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२० मध्ये न्यायालयानं साडेपाच मीटर सांगितलं, डिसेंबर २०२१ मध्ये सीमेच्या संरक्षणाची गरज मानून दहा मीटरला परवानगी दिली. दोन्ही बाजूंना खरी कारणं होती. माझं मत असं की डोंगरात एक रस्ता चौपदरी करण्याआधी त्याच पैशात दुसरा दुपदरी टिकाऊ करता येतो का, हे प्रत्येक वेळी तपासावं. तुमच्या मॉडेलमध्ये हा पर्याय मुद्दाम घाला. बहुतेक जण घालत नाहीत.

उताराचं आणखी एक अंग आहे, त्यावर अभ्यासक्रमात दोन ओळी असतात आणि रस्त्यावर माणसं मरतात. चाळीस टनांचा ट्रक ६०० मीटर खाली उतरताना जी ऊर्जा सोडतो ती विजेच्या भाषेत सुमारे ६५ युनिट. त्यातला थोडा भाग टायर आणि हवा खातात, उरलेला इंजिनानं आणि ब्रेकनं गिळायचा. ५ टक्क्यांच्या उतारावर ताशी ३० किलोमीटरनं उतरताना ही शक्ती १६० किलोवॅटच्या घरात जाते आणि ती वीस-पंचवीस मिनिटं सतत. ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलला टाकली की सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर पुनःपुन्हा काय होतं ते आपण वाचतोच. चढाचा आकडा कोष्टकात बसला म्हणून रस्ता सुरक्षित ठरत नाही. उतार सलग किती लांब आहे आणि तळाला काय आहे, हे बघावं लागतं. तळाला गाव, चौक किंवा टोलनाका असेल तर दुव्याला दंड लावा. मध्ये सपाट तुकडा, थांबा आणि सुटलेल्या गाडीसाठी वाळूचा चढ असेल तर सूट द्या.

आता जाळं. तुमच्यासाठी मी सोलापूरच मध्यबिंदू धरला असता. इथून चादरी-टॉवेल, साखर, सांगोल्याचं डाळिंब असा माल निघतो. न्हावाशेवाला जायचं तर बोरघाट. रत्नागिरी किंवा जयगडला जायचं तर मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत राष्ट्रीय महामार्ग १६६ नं आंबा घाट. गोव्याला आंबोली. चिपळूणला कुंभार्ली. म्हणजे सपाटीवरच्या या शहराचं जाळं पश्चिमेला चार-पाच खिंडींवर टांगलेलं आहे. प्रत्येक घाट हा एक दुवा माना. त्याला लांबी, चढ-उतार धरून अवजड गाडीचा वेळ, क्षमता आणि वर्षातले बंद दिवस द्या. मग एकेक दुवा काढून टाका आणि सगळ्या फेऱ्यांचा एकूण वेळ किती वाढतो ते पाहा. ज्याच्या जाण्यानं सर्वांत जास्त वाढतो तो तुमचा नाजूक दुवा. पायथनच्या कुठल्याही आलेख-लायब्ररीत हे एका दुपारचं काम आहे.

पण इथं थांबलात तर फसाल. एकेक दुवा काढणं म्हणजे घाट एकमेकांपासून स्वतंत्रपणे बंद पडतात असं मानणं. २०२१ च्या जुलैत काय झालं ते आठवा. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात सरासरी जेवढा पडतो त्याहून हा अधिक! आंबेनळी घाटात रस्ताच वाहून गेला, आंबा घाट ठिकठिकाणी खचला, मुंबई–गोवा महामार्गावरच्या परशुराम घाटात दरड आली. सगळं एकाच पावसात. ज्याला आपण पर्यायी घाट म्हणतो तो त्याच ढगाखाली असतो. म्हणून दुवे एकेक काढू नका, पावसाच्या गटांनी काढा: उत्तर सह्याद्रीचा गट, कोयना-महाबळेश्वरचा गट, कोल्हापूर-सिंधुदुर्गचा गट. खरा पर्याय तोच जो दुसऱ्या गटात आहे.

आणि त्या जुलैचा दुसरा धडा तर मला अधिक मोलाचा वाटतो. पंचगंगेच्या पुरानं कोल्हापूरजवळ पुणे–बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला. समजा आंबा घाट धडधाकट असता तरी आपला ट्रक घाटापर्यंत पोचलाच नसता. डोंगरी जाळ्याचा कच्चा दुवा कित्येकदा डोंगरात नसतो, डोंगरातून आलेलं पाणी सपाटीवर पसरतं तिथं असतो. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला होता. तेव्हा तुमच्या आलेखात घाटांबरोबर नदीवरचे पूलही दुवे म्हणून हवेत, आणि त्यांनाही बंद दिवस हवेत.

उद्दिष्ट काय धरायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. समजा एका घाटातून रोज ३,००० ट्रक जातात आणि तो वर्षात १२ दिवस बंद पडतो. बंद असताना वळसा ४ तासांचा. हे आकडे उदाहरणापुरते मानलेले आहेत. वळणं सरळ करून प्रत्येक ट्रकची ६ मिनिटं वाचवली तर वर्षाला सुमारे १,०९,५०० ट्रक-तास वाचतात. त्याऐवजी चर, मोऱ्या, जाळ्या आणि आधारभिंती नीट करून बंद दिवस १२ वरून २ वर आणले तर १,२०,००० ट्रक-तास वाचतात. दुसरं काम बहुधा स्वस्त असतं. त्यात नासणारा माल, अडकलेली रुग्णवाहिका, परीक्षेला न पोचलेली मुलं धरलेलीच नाहीत. तरी उद्घाटन पहिल्या कामाचं होतं. सरासरी प्रवासवेळ हेच एक उद्दिष्ट धरलं तर तुमचं मॉडेलही त्याच बाजूला झुकेल. म्हणून किमान तीन उद्दिष्टं वेगळी ठेवा: बांधणीचा आणि देखभालीचा खर्च, नेहमीच्या दिवसाचा एकूण वेळ, आणि एका गटातले सगळे घाट बंद असतील अशा सर्वांत वाईट दिवशी तुटणारा संपर्क. चौथं घेता आलं तर जंगलातून जाणारी लांबी घ्या. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि वनजमिनीची परवानगी हे वेळापत्रकातलं मोठं वास्तव आहे.

या उद्दिष्टांना सुरुवातीलाच वजनं देऊन एक आकडा करू नका. वजनं कुठून आणली, या प्रश्नाला तोंडी परीक्षेत उत्तर नसतं. कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानपूरच्या आयआयटीत असताना २००२ मध्ये मांडलेली एनएसजीए-२ ही पद्धत अशाच कामासाठी आहे. ती एक उत्तर देत नाही. एका बाजूनं सुधारायचं तर दुसऱ्या बाजूनं किती सोडावं लागेल, अशी उत्तरांची सगळी रांग देते. निर्णय घेणाऱ्यापुढे ती रांग ठेवायची. तुमच्या आलेखात वीस-पंचवीसच संभाव्य कामं असतील तर पूर्णांक प्रोग्रॅमिंगनं (प्रत्येक काम घ्यायचं की नाही, हे गणितानं ठरवून) थेट उत्तरही निघतं आणि ते पटवायला सोपं जातं. उगीच भारी अल्गोरिदम वापरण्यात भूषण नाही. पर्यायांची यादी चांगली असेल तर साधी पद्धत पुरते, आणि यादीच कच्ची असेल तर कुठलीच पद्धत तारत नाही.

खेड्यांच्या रस्त्यांचं तत्त्व मात्र वेगळं आहे, ते महामार्गांच्या गणितात मिसळू नका. २००० सालापासूनच्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत प्रत्येक पात्र वस्तीला बारमाही रस्त्यानं एकदा जोडायचं, हे मूळ सूत्र. म्हणजे झाड: कमीत कमी लांबीत सगळी पानं खोडाला लागलेली. पहिला रस्ता देताना ते योग्यच होतं. पण झाडात एक फांदी तुटली की पुढची सगळी पानं तुटतात. महामार्गांच्या जाळ्यात मोक्याच्या ठिकाणी वेढे हवेत, आणि कुठला एक आडवा दुवा टाकला तर सर्वांत जास्त फांद्या वेढ्यात येतात, हे शोधणं हा तुमच्या प्रकल्पाचा गाभा करता येईल. अनेकदा तो दुवा महामार्ग नसतोच. माथ्यावरचा एखादा वीस-तीस किलोमीटरचा जिल्हामार्ग रुंद आणि पक्का केला की दोन घाट एकमेकांचे पर्याय होतात.

बोगद्यांविषयी थोडक्यात. बोगदा दुव्याचा स्वभावच बदलतो. ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यानं २०२० मध्ये मनाली–लेह अंतर ४६ किलोमीटरनं कमी केलं, ही बातमी झाली. जाळ्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही की रोहतांगच्या बर्फात महिनोन्‌महिने तुटणारा लाहौलचा संपर्क बारमाही झाला. मॉडेलमध्ये बोगद्याचा फायदा मिनिटांत मोजाल तर तो नेहमी महाग दिसेल, बंद दिवसांत मोजाल तर चित्र बदलेल. पण खडकाची माहिती अपुरी असताना बोगद्याचा खर्च ठामपणे लिहू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. सगळे सुखरूप बाहेर आले, तरी खर्चाच्या आकड्याला अनिश्चिततेचा पट्टा का हवा हे त्यावरून कळावं.

राहिला शेवटचा प्रश्न, सोलापुरात बसून हे कसं करायचं. नुसतं बसून नाहीच. उंटावरून शेळ्या हाकता येणार नाहीत. पण पहिला धडा घ्यायला कोकणात जायची गरज नाही. तुळजापूर आपल्यापेक्षा दीडशे-दोनशे मीटर उंचावर, बालाघाटाच्या कडेवर आहे. तुळजापूरच्या घाटात उताराचा कोन मोजणारं क्लायनोमीटर घेऊन जा, शक्यतो पावसाळ्यानंतर लगेच. दर शंभर मीटरला चढ मोजा, वळणांच्या त्रिज्या मोजा, प्रत्येक मोरीच्या तोंडाशी थांबून ती किती बुजली आहे ते लिहा, कापणीतले थर रंगानुसार रेखाटा. मग तुमच्या ३० मीटरच्या नकाशावरून त्याच रस्त्याचा चढ काढा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. नकाशावर किती विश्वास टाकायचा हे तेव्हा आकड्यांत कळेल. वाहनांच्या वर्दळीत एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा, चमकणारी जाकिटं घाला.

बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगरानं दाखवली, असं लोक सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्यातली पद्धत बरोबर आहे. त्या डोंगरात शेरडं-मेंढरं चारणाऱ्यांना विचारा: कुठला ओढा अचानक येतो, कुठली जमीन दरवर्षी थोडी सरकते, कुठल्या अंगाला झाडं तिरकी झाली आहेत. तिरकी झाडं म्हणजे सरकणारी माती, आणि ते कुठल्याही उंचीच्या नकाशात नसतं.

बंद दिवसांची आकडेवारी तयार कुठंच मिळणार नाही, ती जमवावी लागेल, आणि हाच तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत टिकाऊ भाग ठरेल. ग्रंथालयात मराठी दैनिकांच्या जून ते सप्टेंबरच्या फायली चाळा. कुठला घाट कधी बंद झाला, कधी उघडला, अवजड वाहनांसाठी बंद की सगळ्यांसाठी, असे चार रकाने करा. मग एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रकांना भेटा. कोकणातल्या फेऱ्या कधी रद्द झाल्या, कधी कुठून वळवल्या, हे त्यांना माहीत असतं. त्यानंतर ट्रान्सपोर्टवाल्यांकडे जाऊन एकच विचारा: आंबा घाट बंद असला की तुम्ही गाडी कुठून काढता, आणि भाडं किती वाढतं? त्यांनी सांगितलेला वळसा आणि तुमच्या प्रोग्रॅमनं काढलेला वळसा वेगळा आला, तर आधी प्रोग्रॅममधला दुवा तपासा. बहुधा तिथं एखादा अरुंद पूल, चढ न झेपणारा रस्ता किंवा रात्री बंद असणारी वाट निघेल, आणि ती तुमच्या आलेखात अजून आलेली नसेल.